दादांचा सॅमन, माझी चिलापी

गेल्या रविवारी दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाने, घरच्या ग्रुपवर लिहिलं की उजनीत सकर मासा माजलाय, जाळी फाडतोय, आणि चिलापीने, म्हणजे तिलापियाने, दुसरं काही शिल्लक ठेवलेलं नाही. तेव्हा सरकारने एखादा दांडगा शिकारी मासा आणून धरणात सोडावा. लगेच दाखलाही दिला: 'अमेरिकेनं मिशिगन सरोवरात सॅमन सोडले, घाण साफ झाली, वर धंदा उभा राहिला.' खाली एकवीस अंगठे.

मला राग आला तो अंगठ्यांचा. मिशिगन सरोवर माझ्या घरापासून गाडीने चाळीस मिनिटांवर आहे, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

दादांची ती 'घाण' म्हणजे एलवाइफ, मूळचा अटलांटिकचा, जेमतेम वीतभर मासा. नायगाराचा धबधबा चढणं त्याच्या बापाला जमलं नसतं. पण माणसांनी वेलंड कालवा खणून धबधब्याला वळसा दिला आणि 1949 साली हा मिशिगन सरोवरात सापडला. त्याच वाटेने आधी लॅम्प्रे आला होता. तो इथल्या लेक ट्राउटला चिकटून रक्त पितो. ट्राउट संपत आला, म्हणजे एलवाइफला खाणारं कुणी उरलं नाही. 1967 च्या उन्हाळ्यात मेलेल्या एलवाइफचे किनाऱ्यावर ढीग लागले, शिकागोपर्यंत लोक नाक दाबून फिरत होते. त्याच्या आदल्याच वर्षी मिशिगन राज्याचे मत्स्यप्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी ओरेगॉनच्या अंड्यांतून वाढवलेली कोहो सॅमनची बोटुकली प्लॅट नदीत सोडली होती. पाठोपाठ चिनूक हा दुसरा सॅमन आला. मासे तट्ट फुगले, गळवाल्यांची जत्रा लोटली.

दादांचा फॉरवर्ड इथे संपतो.

पुढचं कुणी पाठवत नाही. शेजारच्या ह्युरॉन सरोवरात 2003-04 च्या सुमारास एलवाइफ कोसळला. सॅमनने खाल्ला, आणि बाहेरून आलेल्या शिंपल्यांनी पाणी गाळून त्याचा चाराच संपवला. मग चिनूक उपाशी पडला, तोही गेला. मिशिगन सरोवरात तसं होऊ नये म्हणून 2013 मध्ये चिनूक सोडणं निम्म्यावर आणलं. म्हणजे उंदीर फार झाले म्हणून मांजर आणायचं, आणि पुढे मांजर उपाशी मरू नये म्हणून उंदीर राखायचे. ह्युरॉनमध्ये एलवाइफ गेल्यावर कोण वाढलं? इथलाच वॉलाय, इथलाच लेक ट्राउट. लॅम्प्रेला तर कुठल्याच माशाने आवरलं नाही. त्याच्या अळ्या मारायला 1958 पासून नद्यांमध्ये औषध सोडतात, आजही सोडतात. त्याचा व्हिडिओ होत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण पुढे लिहून गेलो, 'आमच्याकडे निदान सोडलेल्या चिनूकचा एक पर कापून खूण करतात, मोजतात. तुमच्यासारखं टेम्पोतून ओतलं आणि फोटो काढला, असं नसतं.'

दादांनी एवढंच विचारलं, 'आमच्याकडे म्हणजे?'

मी फोन उलटा ठेवला.

खरं म्हणजे सप्टेंबरात जेवणाच्या सुट्टीत मी फिश लॅडरपाशी, म्हणजे माशांना बंधारा चढायला बांधलेल्या पायऱ्यांपाशी, उभा असतो. चिनूक उडी घेतो, आपटतो, परत घेतो. पाहायला फार आवडतं. फ्रीझरमध्ये त्याचे तुकडेही आहेत. ते दादांना सांगितलं नाही.

आणखी एक सांगितलं नाही. बाहेरचा मासा नको म्हणून भांडणारा मी चिलापीवर वाढलो. 1952 साली भारतात आणलेला हा आफ्रिकेचा मासा. आई भिगवणच्या बाजारातून आणायची, मीठ-हळद लावायची, रविवार साजरा व्हायचा. आजोबा भीमेतल्या आहेर, वाम, मरळ यांची नावं घ्यायचे तेव्हा आम्ही पोरं कंटाळायचो. माझा जन्म धरणानंतरचा. जिच्या माशांसाठी मी इथून तावातावाने लिहितो ती भीमा मी पाहिलेलीच नाही. पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, तेवढंच काय ते. आणि शेजारच्या ताटातला कटलासुद्धा तिकडे गंगेचा, त्याला आपण कधीच परका म्हटलं नाही.

सॅमन काळ्या मसाल्यात चालत नाही. दोनदा करून पाहिला. तेल सुटतं, वास मसाल्याच्या वरताण, आणि घरात तीन दिवस खिडक्या उघडाव्या लागतात, जानेवारीतसुद्धा. म्हणून दुकानातून गोठवलेल्या तिलापियाची पिशवी आणतो. पिशवीवर चीनचं नाव असतं. मी काळा मसाला घालतो.

काल दादांनीच अबोला सोडला. 'जेवायला काय?'

'चिलापी,' म्हटलं.

त्यांनी अंगठा पाठवला.