तोफेच्या घुमटात कुणीही बसत नाही

"पोरांना नौदलात पाठवण्याआधी हे वाचा" असा एक मेसेज आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. सोबत युद्धनौकेच्या तोफेवर आगीचा लोळ उठल्याचा फोटो. मजकूर थोडक्यात असा: हा अपघात नुकताच आपल्या जहाजावर झाला आणि दाबला गेला, तोफेच्या घुमटात पाच-सहा पोरं कोंडून त्यांना गोळे भरायला लावतात, घुमट चिलखती नाही, पैसे खाऊन फायबरचा केलाय, डोलत्या जहाजावरून नेम लागत नाही, बार उडाला की जहाज मागे रेटलं जातं, आणि क्षेपणास्त्रं आल्यापासून तोफ फक्त सलामीपुरती उरलीय.

काल रात्री ताईचा फोन आला. भाच्याची अग्निवीर म्हणून निवड झालीय, ओडिशात चिल्काला प्रशिक्षणासाठी जायचंय. बॅग भरून तयार आहे आणि ताई रडतेय, "त्याला त्या टोपणात बसवतील का रे?" मी नौदलाच्या गनरी म्हणजे तोफा चालवणाऱ्या शाखेत नोकरी केलीय. एका आईला असं रडवणारा मजकूर खरा आहे की खोटा, हे पाहायला पुढे पाठवणाऱ्या एकालाही दोन मिनिटं मिळू नयेत?

आधी फोटो. तो आपल्या जहाजाचा नाहीच. तो अमेरिकेच्या 'आयोवा' या युद्धनौकेचा आहे, 19 एप्रिल 1989 चा. दुसऱ्या क्रमांकाच्या टरेटमध्ये, म्हणजे तोफांच्या फिरत्या घुमटात, स्फोट होऊन 47 नौसैनिक गेले. 1943 साली नौदलात आलेलं ते जहाज, तोफा 16 इंची. त्या तोफेत गोळा वेगळा आणि दारू वेगळी, तीही कापडी पिशव्यांत. माणसं टरेटमध्ये उभी राहून यांत्रिक दांड्यानं त्या पिशव्या नळीत ढकलायची. ढकलत असतानाच दारू पेटली. त्या 47 जणांच्या मरणाचा फोटो दुसऱ्या देशाच्या, दुसऱ्या काळातल्या तोफेखाली चिकटवणं हे मला या सगळ्या मेसेजमध्ये सर्वांत हीन वाटतं.

आपल्या 'विशाखापट्टणम', 'मुरगाव' या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या विनाशिकांवर पुढे दिसते ती 76 मिमीची तोफ. मूळ रचना इटलीची, आपल्याकडे हरिद्वारला भारत हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी बनवते. आम्ही तिला एसआरजीएम म्हणतो, सुपर रॅपिड गन माउंट. माउंट म्हणजे घुमटासकट फिरणारी अख्खी तोफ. हिचा गोळा आणि दारू धातूच्या एकाच काडतुसात बंद असते, आपल्या रायफलच्या गोळीसारखी, फक्त वजन बारा किलोंच्या वर. घुमटाच्या खाली, डेकच्या पोटात, फिरतं मॅगझिन असतं. त्यात सुमारे 80 काडतुसं उभी लावलेली. तिथून स्क्रूसारखा फिरणारा उचलक एकेक काडतूस वर नेतो, दोन झुलते हात ते नळीच्या मागच्या बाजूला पोचवतात, तोफ कितीही वर-खाली झुकलेली असो. बार झाला की काडतुसाचं रिकामं कवच समोरून बाहेर पडतं. मिनिटाला 120 बार. या वेगानं माणसाला हातानं भरताच येणार नाही, आणि घुमटात त्याला उभं राहायला जागाही नाही. देखभालीसाठी आत जातात ते माउंट बंद करून.

आता अर्धसत्य, तेही मान्य करतो. 120 च्या वेगानं 80 काडतुसं 40 सेकंदांत संपतात. मग मॅगझिन पुन्हा भरायचं काम हातानंच होतं, डेकखाली, पोरंच करतात. अंगमेहनतीचं काम आहे, धोकाही आहे. तापलेल्या नळीत काडतूस अडकलं तर ते उष्णतेनं आपोआप उडू शकतं. म्हणून तर नळीभोवती पाणी खेळवून ती थंड ठेवतात, आणि अडकलेल्या काडतुसाचं काय करायचं हे नौदलाच्या कोचीतल्या द्रोणाचार्य या तोफा शिकवणाऱ्या तळावर घोटून घेतात.

फायबरचंही खरं आहे, चोरीचा आरोप खोटा. आत माणूसच नाही तर चिलखत कुणासाठी? घुमट खाऱ्या पाण्यापासून यंत्र वाचवतो. हलका आहे म्हणूनच माउंट सेकंदाला 60 अंशांनी वळू शकतं. पोलादी केला असता तर समोरून येणाऱ्या विमानामागे तो फिरलाच नसता.

नेम डोळ्यानं धरतच नाहीत. रडार लक्ष्याचा माग घेतं, जायरो हे उपकरण जहाजाचं डोलणं मोजतं, संगणक गोळा पोचेपर्यंत लक्ष्य कुठे असेल ते काढतो आणि मोटरी नळी सतत सावरत राहतात. पाच किलोमीटर जायला गोळ्याला सात-आठ सेकंद लागतात, तेवढ्यात विमान दीड-दोन किलोमीटर पुढे गेलेलं असतं. डोळ्यावर कोण विसंबेल?

जहाज रेटलं जाण्याचं गणित शाळेतलं आहे. सहा किलोंचा गोळा सेकंदाला 900 मीटरनं सुटतो, जहाज 7,400 टनांचं. त्याला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम एक मिलिमीटर. तो हिसकाही नळीमागचे हायड्रॉलिक दट्टे लांबवून सौम्य करतात.

राहिली सलामी. पल्ल्यात तोफ क्षेपणास्त्राच्या जवळपासही नाही, साधा गोळा सोळा-एक किलोमीटर जातो, हे कबूल. पण मार्च 2024 मध्ये तांबड्या समुद्रात इटलीच्या 'काइओ दुइलिओ' विनाशिकेनं येमेनच्या हुथी बंडखोरांचे ड्रोन पाडले ते याच कुळातल्या 76 मिमी तोफांनी. स्वस्त ड्रोनवर दरवेळी महागडं क्षेपणास्त्र खर्चायचं, तर जहाजाचे साठे किती दिवस पुरतील? आणि संशयित बोटीला थांबवायला तिच्या पुढ्यात इशाऱ्याचा बार टाकायचा असतो, तिथे क्षेपणास्त्र डागणार का?

ताईला हे सगळं रात्रीच सांगितलं. आयोवाचं नाव आणि तारीख लिहून पाठवली. तिनं ती ज्या ग्रुपवरून मेसेज आला होता तिथे टाकलीय. फोटो अजून तिथेच आहे.