‘ती खेळत नाही, तुम्ही खेळता’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया येऊन नऊ दिवस झाले. पहिल्याच रात्री लिहिलेलं उत्तर पुसून टाकलं ते बरं झालं, त्यात नुसता राग होता.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझी लेक ११ वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, हातपाय तिचं ऐकत नाहीत, आणि ती तोंडाने बोलत नाही. तिला तीन चाकांच्या खुर्चीत बसवून मी १० किलोमीटरची शर्यत पळालो, त्याबद्दल तो लेख होता. शेवटी बोचिया या खेळाबद्दल दोन-तीन ओळी होत्या. त्यावर तुम्ही लिहिलंत, की ती पळाली नाही, तुम्ही पळालात, तिला सामानासारखं नेलंत. बोचियातही, चेंडू ज्यावरून घरंगळत सोडतात तो रॅम्प तुम्हीच हलवता. स्वतःची राहून गेलेली हौस तिच्या नावावर भागवताय, आणि हाच वेळ थेरपीला दिला असता तर तिचं भलं झालं असतं. मग तुमच्या धाकट्या भावाबद्दल लिहिलंत. वडील त्याला प्रत्येक मैदानावर न्यायचे, टाळ्या वाजल्या की तो दचकून ताठ व्हायचा, आणि लोक म्हणायचे, बघा किती खूश झालाय. लेखातल्या फोटोंबद्दलही एक ओळ होती.

भावाबद्दलचं हे लिहिलं नसतंत तर मी उत्तराच्या भानगडीत पडलोच नसतो.

पळण्याबद्दल तुमचं खरं आहे. मी त्या लेखात डिक आणि रिक हॉइट या अमेरिकन बापलेकांचं उदाहरण मोठ्या तोऱ्यात दिलं होतं. रिकलाही सेरेब्रल पाल्सी होती, आणि दोघं मिळून ३२ वेळा बॉस्टन मॅरेथॉनमध्ये उतरले. पण सोयीचं तेवढं सांगून मी मोकळा झालो. त्यांची सुरुवात १९७७ साली झाली ती एका खेळाडूला अपघातात पक्षाघात झाला म्हणून. त्याच्या मदतीसाठी ५ मैलांची शर्यत होती, आणि आपण त्यात उतरूया हे १५ वर्षांच्या रिकने वडिलांना सांगितलं. तो संगणकावर अक्षरं निवडून बोलायचा. म्हणजे मुलाने बापाला पळायला लावलं होतं. आमच्याकडे खुर्ची आली, शर्यतीत नाव नोंदवलं, टी-शर्टही आले, आणि लेकीला विचारायचं राहून गेलं.

तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर विचारलं. ती नजर वर करते तेव्हा हो, खाली करते तेव्हा नाही. पळायला आवडतं? वर. उतारावर? वर, आणि खुदकन हसली. सपाट रस्त्यावर? नजर इकडेतिकडे. गर्दी, लाउडस्पीकर? खाली. आणखी काही सांगायचंय का विचारलं तर नजर वर गेली, म्हणून अक्षरांचा फलक आणला. त्यावर व्यंजनं एका बाजूला आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार दुसऱ्या बाजूला आहेत. ती नजरेने एकेक दाखवते, मी मोठ्याने म्हणतो. घ. काना. म.

घाम. चढावर मी दांड्यावर वाकतो तेव्हा माझा घाम तिच्या मानेवर ठिबकतो. तिला तो पुसता येत नाही. दीड वर्ष ठिबकत होता.

आता शर्यती बंद आहेत. खुर्ची घरी आहे, ती म्हणेल तेव्हा आम्ही उतारापाशी जातो, एवढंच. (चढून परत यायचं काम अर्थात माझं. त्याबद्दल तिला काही म्हणायचं नाही. गळ्यात टॉवेल मात्र हवा.)

पण बोचियाबद्दल तुमची माहिती अपुरी आहे, आणि तिथे मी मागे हटणार नाही.

हा खेळ १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. ज्यांना चेंडू हाताने किंवा पायाने नीट टाकता येत नाही त्यांच्यासाठी त्यात बीसी-३ नावाचा वेगळा गट असतो. पन्हाळीसारखा रॅम्प असतो, आमच्या घरी त्याला घसरगुंडी म्हणतात. चेंडू चामड्याचा, जरा मऊ, सुमारे २७५ ग्रॅमचा, जवळजवळ उसळतच नाही. आधी पांढरा चेंडू टाकायचा, मग एकाने लाल आणि दुसऱ्याने निळे, प्रत्येकी ६, पांढऱ्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे. लेकीच्या डोक्याला पट्टा असतो आणि पट्ट्याला पुढे दांडी. त्या दांडीने ती चेंडू रोखून धरते आणि मान उचलली की चेंडू सुटतो. चेंडूला शेवटचा स्पर्श खेळाडूचाच हवा, हा नियम आहे.

आता माझं काम. रॅम्प डावीकडे घे, उजवीकडे घे, चेंडू वर चढव, खाली आण, हे ती नजरेने सांगते आणि मी करतो. पण मी मैदानाकडे पाठ करून बसतो. चेंडू कुठे पडलेत, समोरच्याचा निळा किती जवळ आलाय, यातलं काही मला दिसत नाही. वळून पाहिलं तर दंड. तिला सुचवायचं नाही, खुणावायचं नाही. ज्याने कोणी हा नियम केला त्याला आईबाप चांगले ठाऊक असणार.

मी क्रिकेट खेळलेला माणूस आहे. सुरुवातीला माझ्या मानेला अक्षरशः रग लागायची, न वळण्याची. चेंडूवर चेंडू आपटल्याचा आवाज यायचा आणि तो लाल लागला की निळा हे कळायचं नाही. कळायचं ते फक्त तिच्या चेहऱ्यावरून, कारण मी तिच्याकडेच तोंड करून बसलेला असतो. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत असते. तेवढा वेळ मी तिच्या कामाचा नसतो, रॅम्पचा भाग असतो.

एकदा सरावात तिने रॅम्प पार डावीकडे न्यायला लावला. आधीचा पांढरा टाकताना मीच रॅम्प धरला होता, त्यामुळे तो उजवीकडे आहे हे मला पक्कं माहीत होतं. चुकतेय, असं वाटलं आणि मी हळूच रॅम्प दोन बोटं उजवीकडे ढकलला. ती थांबली. नजर खाली. मी पुन्हा विचारलं, पुन्हा खाली. शेवटी तिला हवा तिथे नेला. चेंडू गेला, टक् असा आवाज आला, मग आणखी एक. तिला पांढऱ्याकडे जायचंच नव्हतं. डावीकडचा निळा वाट अडवून बसला होता, तो तिने उडवला होता. तुम्ही म्हणता तसं तिच्या जागी मी खेळलो ते त्या एका दिवशी, दोन बोटं.

त्यानंतर तीन महिन्यांनी एका छोट्या स्पर्धेआधी तिने फलक मागितला. च. मात्रा. ह. र. काना. चेहरा. मला वाटलं पट्टा टोचतोय. ती नाही म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. माझा चेहरा. आवाज ऐकून मी अंदाज बांधतो, आणि तो अंदाज माझ्या तोंडावर उमटतो, तिचं लक्ष जातं. स्पर्धेत रॅम्पला बाबा नको, दादा हवा. दादा १६ वर्षांचा आहे आणि त्याचा चेहरा कुठल्याच गोष्टीने हलत नाही, हे आमच्या घरात सर्वमान्य आहे. मी प्रेक्षकांत बसलो. ती ११-० अशी हरली. परत येताना कुणाशी बोलली नाही, फलक समोर धरला तर डोळे मिटून घेतले. माझी हौस भागण्याचं म्हणाल तर त्या दिवशी फारच कमी भागली.

थेरपीचं. पॅरालिम्पिकचं मूळच एका रुग्णालयात आहे. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे डॉ. लुडविग गुटमान मणक्याला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करत, आणि खेळ हा त्या उपचारांचा भागच होता. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन झालं त्याच दिवशी, त्यांनी व्हीलचेअरवरच्या १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. तेव्हा खेळ आणि उपचार यांत एकच काहीतरी निवडायचं, असं मुळातच नाही. आमची थेरपी चालू आहे, आठवड्यातून चारदा. तिथे मान वर धरायला सांगितलं की ती झोपेचं सोंग घेते. रॅम्पपाशी तीच मान, निळा उडवायचा असेल तर, मी विसापर्यंत मोजेन तोवर वर असते.

हे लिहिलं खरं, पण ते वापरून तुम्हाला पटवायचं माझ्या जिवावर येतं. थोरला बॅट घेऊन निघतो तेव्हा त्याच्या खांद्याला काय फायदा झाला असं आजवर कुणी विचारलेलं नाही. धाकटीने मात्र प्रत्येक गोष्टीतून सुधारणा दाखवायची. तिला निळा उडवायला आवडतं. मानेला काही झालं नसतं तरी आम्ही गेलो असतो.

फोटोंचं तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण लागलं ते तेच. शर्यतीतले सगळे फोटो एकेक करून तिला दाखवले. दोन तिने ठेवायला सांगितले, बाकीचे काढलेत. त्यात ‘आनंदाचा क्षण’ असं मी खाली लिहिलेला होता, तोही गेला. नीट पाहिल्यावर तिच्या हाताच्या मुठी वळलेल्या दिसल्या. तुमच्या भावाचं वाचल्यानंतरच मला ते दिसलं.

हे उत्तर काल तिला वाचून दाखवलं. घामाचं ठेवायला हरकत नाही म्हणाली. ११-० काढ म्हणाली, मग बराच वेळ विचार करून राहू दे म्हणाली, पण समोरची मुलगी १९ वर्षांची होती हे लिहायला लावलं. तर, समोरची मुलगी १९ वर्षांची होती.

तुमच्या भावाबद्दल तुम्ही सगळं भूतकाळात लिहिलंय, म्हणून विचारायला धजत नाही. सांगावंसं वाटलं तर सांगा, त्याला मैदानावर नाही तर कुठे बसायला आवडायचं?