‘फाइल हरवत नाही’ हे वाक्य मी मागे घेतो: निगडीच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया शनिवारी रात्री वाचली. उत्तराला चार दिवस लागले, कारण दोन गोष्टी आधी माझ्याच यंत्रांवर करून बघायच्या होत्या.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. कीर्तनाच्या जुन्या कॅसेटी जपण्यासाठी आम्ही काही घरांनी मिळून आयपीएफएसवर, म्हणजे मधल्या कंपनीशिवाय यंत्रांनी थेट एकमेकांना फाइली देण्याच्या पद्धतीवर, चालणारं एक डेस्कटॉप ॲप बांधलं. ते फक्त आपल्या घरांपुरत्या खासगी जाळ्यात कसं उभं करायचं, यावर मी लेख लिहिला होता. काकांनी तो समोर ठेवून तीन रविवार घालवले, तरी निगडीचं त्यांचं यंत्र आणि सांगलीचं मुलीचं यंत्र एकमेकांना दिसलीच नाहीत. ‘पंढरीच्या वाऱ्या’ या एकाच फोल्डरचा पत्ता, म्हणजे आत जे आहे त्यावरून आयपीएफएस काढतं ती ओळख, दोन्हीकडे वेगळा आला. ‘नेटवर्कवर घातलेली फाइल हरवत नाही’ हे माझं वाक्य त्यांनी धादांत खोटं ठरवलं. ॲप बांधताना चुका आल्या, डिस्क दुप्पट भरली, हेही लिहिलं. आणि वर्षाला थोडे पैसे भरून क्लाउड घ्यायचा सोडून हा उपद्व्याप कशाला, असंही विचारलं.

काका, पुढचं वाचण्याआधी एक काम करा. कुणाच्या तरी सल्ल्यावरून तुम्ही एपीआयचा, म्हणजे प्रोग्रॅमला हुकूम देण्याच्या वाटेचा, पत्ता १२७.०.०.१ चा ०.०.०.० केलात, असं तुम्ही लिहिलंय. तो आत्ता पूर्ववत करा. त्या वाटेचं ५००१ हे पोर्ट म्हणजे घराची किल्ली आहे. तिथपर्यंत जो पोचेल त्याला तुमच्या फाइली घालता, काढता, सेटिंग बदलता येतात. ०.०.०.० लिहिलं की वायफायवरचं प्रत्येक यंत्र तिथपर्यंत पोचतं. यंत्रं एकमेकांना न दिसण्याशी या पोर्टाचा काही संबंध नाही. ते काम ४००१ चं.

आता ते वाक्य. तुम्ही बरोबर आहात, मी चूक लिहिलं. आणि ते मला लिहिण्याआधीच कळायला हवं होतं, कारण आमच्याच कॅसेटी गेल्या आहेत.

२५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत तळमजल्यांमध्ये शिरलं. आमच्या गटातल्या एकांचं यंत्र तिथे टेबलाखाली जमिनीवर होतं. चौदा कॅसेटींचं एक फोल्डर त्यांनीच घातलेलं होतं. आम्ही सगळे निर्धास्त होतो, कारण ती कीर्तनं आपापल्या घरी आम्ही सगळ्यांनी ऐकली होती, म्हणजे सगळ्यांकडे आली होती. शोधायला बसलो तेव्हा तीनच अखंड मिळाली.

असं का झालं, ते लेखात यायला हवं होतं. फाइल घातली की ती घालणाऱ्याच्या यंत्रावर आपोआप पिन होते, म्हणजे ‘ही काढायची नाही’ अशी खूण लागते. दुसऱ्या घरी ती ऐकली की तिचे तुकडे तिथे येतात, पण खूण येत नाही. ती तात्पुरती प्रत. आमच्या ॲपमध्ये सफाई सुरू ठेवलेली आहे. रेपोची, म्हणजे यंत्रावर हे तुकडे साठवायच्या जागेची, मर्यादा मुळात १० जीबी असते, आणि तिच्या ९० टक्क्यांवर गेलं की दर तासाला तपासणारी सफाई खूण नसलेले तुकडे काढून टाकते. सीडीच्या दर्जाचं ध्वनिमुद्रण सेकंदाला १,७६,४०० बाइट घेतं. नव्वद मिनिटांची कॅसेट साडेनऊशे एमबीच्या आसपास जाते. म्हणजे दहावी कॅसेट घालताना मर्यादा गाठली, आणि इतरांची ऐकून झालेली कीर्तनं आमच्या यंत्रांनी निमूटपणे पुसली. बिघाड कुठेच नव्हता. सगळं नेमून दिल्याप्रमाणे चाललं होतं.

उरलेल्या अकरांपैकी नऊ मूळ कॅसेटींवरून पुन्हा उतरवता आल्या. दोनच्या फिती चिकटल्या होत्या, त्या गेल्या. त्या दोन्ही बाजूंवर काय होतं, ते आता फक्त वहीतल्या यादीत आहे.

तेव्हापासून ॲपमध्ये प्रत्येक फोल्डरसमोर ते कुठल्या कुठल्या घरी पिन केलेलं आहे हे दिसतं, आणि तीन घरांपेक्षा कमी असेल तर नाव लाल होतं. लेखातलं वाक्य मी बदललं आहे. आता तिथे असं आहे: ‘ज्या घराने पिन केली, त्या घरी ती आहे. इतर कुठेही ती आहे असं धरू नये.’

यंत्रं एकमेकांना का दिसत नाहीत, याचं उत्तर मला तुमच्याच एका वाक्यात सापडलं. ‘माझ्याकडे दोनशेच्या वर पीअर दिसतात, पण त्यात मुलगी नाही.’ काका, खासगी जाळ्यात तुम्हाला दोनशे पीअर, म्हणजे जोडलेली यंत्रं, दिसणं शक्यच नाही. फार तर एक दिसेल. म्हणजे तुमचं यंत्र खासगी जाळ्यात नाहीच, ते जगाच्या उघड्या नेटवर्कवर गेलंय.

स्वॉर्म डॉट की ही खासगी जाळ्याच्या किल्लीची फाइल तुम्ही नोटपॅडमध्ये केलीत. नोटपॅड शेवटी टीएक्सटी जोडतं आणि विंडोज ते शेपूट लपवतं. डोळ्यांना नाव बरोबर दिसतं, पण कुबोला, म्हणजे आतल्या मूळ प्रोग्रॅमला, ती फाइल सापडत नाही. तो तक्रार करत नाही, किल्लीशिवाय सुरू होतो. बूटस्ट्रॅपची, म्हणजे सुरू होताच ज्यांना जोडायचं त्या यंत्रांची, यादी रिकामी करायची पायरी मी लेखात शेवटी दिली होती, ती तोवर भरलेलीच होती, त्यामुळे तो सरळ सार्वजनिक नेटवर्कला जाऊन मिळाला. एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये फाइलींची शेपटं दाखवायला सांगा, लगेच दिसेल. फाइलीत तीनच ओळी हव्यात, आणि तिसरी ६४ अक्षरांची. लिबपीटूपी फोर्स पीनेट हे चल, म्हणजे सुरू होताना वाचली जाणारी सेटिंग, १ ठेवलं, तर किल्ली नसताना कुबो सुरूच होत नाही. नव्या आवृत्तीत मी ते ॲपमध्येच घातलंय. ते आधीच असतं तर तुमचे तीन रविवार वाचले असते, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

दरम्यान घरातले कागद त्यात घातले असतील, तर ते तुमच्याकडे आहेत ही घोषणा सार्वजनिक नेटवर्कवर झालेली असणार. पुन्हा घोषणा झाली नाही तर ती नोंद ४८ तासांत गळून पडते. पण तेवढ्यात कुणी प्रत घेतली असेल तर ती परत मागता येत नाही, हेही सांगायलाच हवं.

किल्ली बसली तरी दुसरी अडचण बहुधा येईल. राउटरच्या पानावर वॅन पत्ता, म्हणजे कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांमधला असेल, तर तुमची इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटते आहे. २०१२ साली ही पत्त्यांची पट्टी खास त्यासाठीच राखून ठेवली गेली. अशा घरात राउटरवर पोर्ट कितीही उघडा, बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही, कारण खरा दरवाजा कंपनीकडे आहे. ‘४००१ उघडा’ एवढंच लिहून मी मोकळा झालो होतो. सांगलीलाही तसंच असेल तर दोन्ही बाजू बंद.

रिले, म्हणजे दोघांमधलं मध्यस्थ यंत्र, लावून बघा, असं कुणी सुचवेल. रिले दोघांची ओळख करून देण्यापुरता असतो. नेहमीच्या मर्यादेत त्यातून एका जोडणीला दोन मिनिटं आणि १२८ केबी मिळतात, आणि आपल्या फाइलीचा एक तुकडाच २५६ केबीचा. जोडणी दिसत राहते, फाइल येत नाही.

आमच्याकडे चाललेला उपाय साधा आहे. आत येता येत नसलं तरी प्रत्येक घरातून बाहेर जाता येतं. म्हणून सार्वजनिक पत्ता असलेलं एक घर लागतं. आमच्यासाठी ते कोथरूडचं माझं यंत्र आहे, मी स्थिर पत्ता विकत घेतलाय. बाकी सगळ्यांनी कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलीत, पीअरिंगखाली त्याची ओळख आणि पत्ता लिहायचा. कुबो ती जोडणी धरून ठेवतो, तुटली तर पुन्हा जोडतो. सांगलीची फाइल आधी कोथरूडला पिन होते आणि मग निगडीला येते. हे शुद्ध विकेंद्रित नाही, मान्य. पण कोथरूड बंद पडलं तरी प्रती तुमच्याच घरांत राहतात, आणि मला तेवढं पुरेसं वाटतं.

‘पंढरीच्या वाऱ्या’चा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला, कारण हा घोळ खास आपल्या लिपीचा आहे. तुम्ही आणि मुलीने आतल्या एखाद्या उपफोल्डरच्या नावातला ‘वाऱ्या’ वेगवेगळ्या कीबोर्डवर लिहिला असणार. ‘ऱ्या’ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलंत, मग य. दुसऱ्यात साधा र, हलंत, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण ‘वाऱ्या’ हा शब्द पहिल्या रीतीने १८ बाइटचा होतो आणि दुसरीने २१. फोल्डरचा पत्ता आतल्या नावांच्या बाइटांवरून ठरतो, त्यामुळे आतल्या एका उपफोल्डरचं नाव असं वेगळं लिहिलं गेलं की वरचा पत्ता बदलला. आतल्या सुट्या फाइलींचे पत्ते ताडून बघा, ते जुळतील. तुमच्या कीर्तनांना काहीही झालेलं नाही.

युनिकोड या संगणकातल्या अक्षरांच्या सर्वमान्य संकेताच्या ठरलेल्या एकरूपीकरणात ऱ आणि ‘र खाली नुक्ता’ एक होतात, पण हे जोडचिन्हाचं रूप एक होत नाही. त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागला. ‘ॲ’चंही तसंच. २००८ मध्ये त्याला स्वतंत्र जागा मिळाली, पण जुन्या फाइलींत ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला सापडतो. आता ॲप फाइल घालताना दोन्ही एका रूपात आणतं. याच कामात आणखी एक कळलं. लिनक्सवर नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही, तीन बाइट खातं. म्हणजे ८५ चिन्हं. बुवांचं पूर्ण नाव, गाव, तिथी आणि अभंगाची पहिली ओळ असं नाव विंडोजवर बिनतक्रार बसतं आणि लिनक्सच्या घरी बाहेर काढताना अडतं. नाव आटोपशीर ठेवा, बाकीचं सोबतच्या यादीत लिहा.

ॲप बांधताना आलेल्या चुका माझ्या सूचनेमुळे आल्या. ॲपला लागणारे तयार भाग आणताना ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ द्या, मग कुलूपबंद यादीतल्याच आवृत्त्या येतील. आणि डिस्क दुप्पट भरते हे खरं आहे, कारण रेपोत वेगळी प्रत होते. प्रत न करण्याचा एक प्रायोगिक पर्याय आहे, पण मूळ फाइल हलवली की सगळं तुटतं. तो मी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या यंत्रांवर लावणार नाही.

क्लाउड जरूर घ्या, आम्हीही एक कूटबद्ध प्रत तिथे ठेवतो. पण आमच्यातले एक ज्येष्ठ गेले तेव्हा खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर होतं. पासवर्ड कुणाकडे नव्हता, आणि कंपनीशी चाललेला पत्रव्यवहार मुलांनी शेवटी सोडून दिला. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं पाणी आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्यात आलं आणि आजोबांच्या कीर्तनाच्या वह्या गेल्या. त्यांची दुसरी प्रत कुणाकडेच नव्हती. म्हणून मला प्रती वेगवेगळ्या माणसांच्या घरी, वेगवेगळ्या उंचीवर हव्या आहेत, आणि त्या प्रत्येक माणसाला आपल्याकडे काय आहे हे माहीत हवं आहे.

‘पंढरीच्या वाऱ्या’साठी कोथरूडच्या यंत्रावर जागा ठेवतो. तुमचं जाळं वेगळंच हवं असेल तर तुमच्या किल्लीचा दुसरा रेपो वेगळ्या पोर्टवर चालवता येईल. त्याआधी एकच बघून कळवा: मुलीच्या यंत्रावर पीअर किती दिसतात? माझा तर्क बरोबर असेल तर तिची किल्ली नीट बसली आहे, आणि तिथे शून्य येईल.