रत्नागिरीला यायचंय? वार नको, तिथी बघा

मुंबईकडून येणारी बरीच मंडळी निवळी फाट्याला वळतात आणि थेट गणपतीपुळे गाठतात. दर्शन, समुद्रात डुंबणं, मोदक, परत. रत्नागिरी शहर त्यांना भेटतं ते फक्त रस्त्यावरच्या पाटीवर. जे शहरात येतात ते शनिवार-रविवार बघून येतात. माझं मत विचाराल तर किनाऱ्यावरच्या गावी यायचं असेल तेव्हा आधी भरती-ओहोटी बघावी आणि मग हॉटेल.

हिशोब जुनाच आहे. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास. पौर्णिमा आणि अमावस्या दोन्हींना पंधरा धरायचे, की सव्वाअकरा येतात. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहल आखायला एवढं पुरतं. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी असतेच. पाऊणकी येत नसेल तर मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक बघा. त्यात रत्नागिरी निवडा, मुंबईची वेळ इथे जशीच्या तशी लागू होत नाही.

याचा उपयोग काय? शहरातल्या मांडवी किनाऱ्यावर सूर्यास्त बघायला अष्टमी-नवमीला गेलात तर पाणी वर आलेलं असतं, चालायला वाळू थोडीच उरते, मग जेटीवर उभं राहून भेळ खायची. तेच त्रयोदशी ते प्रतिपदा या दिवसांत ओहोटी चार ते सातच्या दरम्यान पडते. शिवाय ते उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी जास्तीत जास्त मागे जातं. मांडवीची काळी वाळू तेव्हा ओली, सपाट आणि चकचकीत असते. भाट्याला सुरूच्या बनासमोर तर मैदानच उघडं पडतं. वाकून बघा, वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांच्या नक्ष्या दिसतील. बारके खेकडे वाळूतलं खाणं चोखून उरलेली वाळू गोळी करून बाजूला टाकतात. पुढच्या भरतीत सगळं पुसलं जातं.

आता महत्त्वाचं. होळी, नारळी पौर्णिमा, कोजागरी, लक्ष्मीपूजन हे सगळे सण पौर्णिमा-अमावस्येचे आणि सुट्ट्याही त्यांना धरूनच. त्या दिवशी भरती अकरा-साडेअकराला आणि ओहोटी संध्याकाळी साडेपाचला. पर्यटक जेवून, थोडं लवंडून तीनच्या सुमारास पाण्यात उतरतात. नेमकी तीच वेळ पाणी सर्वात जोरात बाहेर ओढण्याची. संकष्टीचंही तसंच. चतुर्थीला भरती तीनची, म्हणजे दर्शनाची रांग उरकून चारनंतर समुद्रात शिरणारा माणूस ओहोटीतच शिरतो. गणपतीपुळ्याचा किनारा उतरता आहे, चार पावलांत तळ पायाखालून जातो. आरे-वारेच्या किनाऱ्यावर दिसायला शांत पाणी आणि आजूबाजूला माणूस नाही. दरवर्षी माणसं बुडून जातात आणि दरवर्षी 'पोहता येत होतं हो त्याला' हेच ऐकू येतं.

किनाऱ्यावर पाच मिनिटं उभं राहून बघा. सगळीकडे पांढऱ्या लाटा फुटत असतात आणि मध्येच एक पट्टा गडद आणि गुळगुळीत दिसतो. फेस तिथून आत, समुद्राकडे जात असतो. नवख्या माणसाला तीच जागा शांत वाटते आणि तो तिथेच उतरतो. ती पाण्याची परतीची वाट आहे. सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहून त्या पट्ट्यातून बाहेर पडा आणि मग लाटांबरोबर या. भाट्याच्या खाडीच्या मुखाशी तर उतरूच नका. काजळी नदीचं पाणी आणि ओहोटी एकत्र बाहेर पडतात तिथे.

गाडी वाळूवर घालणाऱ्यांनाही हेच लागू. ओहोटीची ओली वाळू वरून फरशीसारखी घट्ट वाटते, पण एखाद्या मऊ जागी चाक रुततं. मग ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतो आणि चाक आणखी खोल जातं. जेसीबी येईपर्यंत भरती फिरलेली असते. पाणी इंजिनात गेलं नाही तरी खालचा पत्रा मिठाने गंजतो.

शहराला दोन दिवस द्या. सकाळ रत्नदुर्गाला. तीन बाजूंनी समुद्र, बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ, पलीकडच्या टोकाला दीपगृह. नऊनंतर जांभा दगड तापतो, म्हणून आधीच उरका. मग टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान बघा. पुढे पतितपावन मंदिर, 1931 साली भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं, सर्व जातींना खुलं. सावरकर तेव्हा इथेच स्थानबद्ध होते.

थिबा पॅलेसला सोमवारी जाऊ नका, संग्रहालय बंद असतं. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा 1885 साली पदच्युत झाला, इंग्रजांनी त्याला इथे आणून ठेवलं आणि 1916 साली तो इथेच वारला. वाडा 1910 च्या सुमाराला तयार झाला, म्हणजे वनवासाची बरीचशी वर्षं सरल्यावर. मागच्या बाजूला बुद्धमूर्ती आहे, ती राहून जाते. त्याची कबरही शहरातच आहे. रिक्षावाल्याला 'थिबा राजाची कबर' म्हणून सांगा, नाहीतर तो पुन्हा पॅलेसलाच नेईल.

कातळशिल्पांसाठी, म्हणजे कातळावर कोरलेल्या चित्रांसाठी, उक्षीला जा. हत्ती एवढा मोठा कोरलाय की भोवती फिरूनच पुरा कळतो. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी सडे, म्हणजे उघडी कातळपठारं, पायाखाली घालून ही चित्रं शोधली, नोंदवली. 2022 साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. वेळ मात्र सकाळची किंवा उन्हं कलल्यावरची. तिरप्या उन्हात कोरीव रेषेला सावली पडते आणि हत्ती उठून दिसतो. बारा वाजता जाल तर समोर नुसता तापलेला कातळ. फोटोत नीट यावं म्हणून रेषांवर खडू किंवा चुना फिरवायचा नाही.

गणपतीपुळ्याला जायचंच तर शिरगाव, साखरतर, आरे-वारे, नेवरे असा किनाऱ्याचा रस्ता धरा. जाताना समुद्र डाव्या हाताला असतो, एसटीत खिडकी त्या बाजूची मागा. पुढे मालगुंडला केशवसुतांचं स्मारक जवळच आहे.

मासे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. त्या दिवसांत 'ताजी सुरमई' मागणारा आणि 'आहे ना' म्हणणारा, दोघेही एकमेकांना फसवतात. खाडीचे मासे, सुकट, कुळथाची पिठी, टाकळा, फोडशी खा, पावसाळ्यात खरं जेवण तेच. एरवी मिरकरवाडा बंदरात माशांचा लिलाव बघा, पण टोपल्यांच्या वाटेत उभे राहू नका. बांगडा घेताना कल्ला उचला. आत लालभडक असला तर घ्या, तपकिरी असला तर ठेवा. डोळा फुगीर आणि काळाभोर हवा. बोटाने दाबल्यावर खळगा पडून तसाच राहिला तर बर्फात बरेच दिवस काढलेत. विक्री वाट्यावर होते, तेव्हा वरचे दोन मोठे बघून भुलू नका, खालचेही उलटून बघा. न विचारता हात लावलात तर मावशी बोलतील, ते ऐकून घ्यायचं.

परतीच्या गाडीने मासे न्यायचे तर तिथेच साफ करून घ्या, मीठ-हळद चोळा आणि आधी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. बर्फ पिशवीच्या बाहेर, खाली आणि वर. वितळलेल्या पाण्यात मासा भिजत राहिला तर चव जाते आणि पाणी गळलं तर रेल्वेचा अख्खा डबा तुमच्याकडे बघत बसतो. स्टेशन शहरापासून लांब आहे, रिक्षाचे पैसे आधी ठरवा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, तिकिटावरची वेळ पुन्हा एकदा बघून निघा.