वाऱ्याची गाठ

इंदूरमध्ये बसून फ्लाय फिशिंगचा, म्हणजे गळावर बांधलेली पिसाची खोटी माशी (फ्लाय) दाखवून मासा पकडण्याचा, गाइड व्हायचं ठरवलंत, आधी मनापासून अभिनंदन. जागा अचूक निवडलीत. आपल्याकडे नर्मदा सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून पंपानं चढून येते आणि नळातून एक दिवसाआड दर्शन देते. तिच्यातल्या बाडसला, म्हणजे महसीरला, २०११ साली मध्य प्रदेशाचा राज्यमासा केलं. मान मिळेपर्यंत धरणांनी त्याचं वाहतं पाणी अडवून ठेवलं होतं, ते एक असो. तेव्हा गिऱ्हाईक घेऊन तुम्ही जाणार हिमाचलात, औटच्या बोगद्याअलीकडे वळून तीर्थन खोऱ्यात, इंग्रजांनी आणून सोडलेल्या ट्राउटच्या मागे. तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद. गिऱ्हाइकाच्या मुलांना नाताळची सुटी असते ती नेमकी तेव्हाच. हा घोळ ट्राउटनं मुद्दाम घातलाय असं सांगा, पटतं.

जाण्याआधी शिकवणी घ्या. चिमणबाग मैदान उत्तम. फ्लायच्या जागी दोरीच्या टोकाला लोकरीचा तुकडा बांधायचा आणि गवतावर फेकत बसायचं. पाचव्या मिनिटाला कुणीतरी सायकल थांबवून विचारेलच, “क्यों भिया, पतंग कट गई क्या?” रागावू नका. पुढचं गिऱ्हाईक त्याच गर्दीत उभं असतं.

आता कसब सांगतो. कोंबड्याचं पीस आणि चार वेढे दोरा, एवढीच ती फ्लाय. तिला वजन ते काय असणार? म्हणून इथे गळ फेकत नाहीत, दोरी फेकतात. रॉड मागे न्यायचा, थांबायचं, दोरी पाठीमागे पुरती उलगडू द्यायची, मग पुढे आणायचा. या सगळ्यात अवघड आहे ते थांबणं. पलासियाच्या सिग्नलला ज्यानं जन्मात हिरव्याची वाट पाहिली नाही, तो दोरीसाठी अर्धा सेकंद थांबेल? पाठीमागे चाबकासारखा फट्ट आवाज झाला की फ्लाय गेली समजा. गिऱ्हाईक मात्र खूष असतं. “आवाज मस्त आला ना?” हो म्हणा. तोंडानं हो म्हणा, हातानं डबीतली दुसरी फ्लाय काढा.

असं फेकता फेकता टोकाच्या बारीक दोऱ्याला, टिपेटला, आपोआप गाठ बसते. दोरा तिथे कमजोर होतो आणि चांगला मासा लागला की नेमका तिथेच तुटतो. ही गाठ फेकणाऱ्याच्या हातानं बसते हे गाइड मंडळींना पक्कं ठाऊक असतं, तरी इंग्रजीत तिला नाव काय? विंड नॉट. वाऱ्याची गाठ! वाऱ्याचा तिच्याशी सहसा काही संबंध नसतो, पण वारा फी देत नाही आणि तक्रारही करत नाही. या धंद्यात टिकायचं असेल तर असा एखादा बिनपगारी नोकर हाताशी हवाच. मी तर वाऱ्याखेरीज झाड, ढग आणि शेजारच्या गावची म्हैस, एवढे नेमून ठेवलेत.

नदीवर पोचलात की गिऱ्हाइकाला समजवा: ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, तेव्हा त्याच्या पाठीमागून, खालच्या अंगानं, हळू जायचं. साहेब लाल टीशर्ट घालून वरच्या अंगानं धबाधब उतरतील. उतरू द्या. कमरेएवढ्या बर्फाळ पाण्यात उभं राहून ते विचारतील, “अरे, मासा तर दिसून नाही राहिला?” म्हणा, “ढगांमुळे, साहेब.” मागच्या खेपेला एका गृहस्थांच्या खिशातून लौंग सेवेची पुडी पाण्यात पडली. तेवढ्या तासाभरात माशांनी दाखवलेला उत्साह तो एकच.

आणि समजा, काही चूक होऊन मासा लागलाच. गळाच्या टोकाला अडकवून ठेवणारा उलटा काटा नसतो, म्हणून तो अलगद सुटतो. हात आधी ओले करायचे. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा पुढे रोगानं मरतो. हे तुम्ही घाईघाईनं सांगत असताना साहेब म्हणतील, “थांब, मोबाइल कुठेय?” इथे हुज्जत घालू नका. स्वतःच्या ओल्या हातांनी मासा पाण्यातच धरून ठेवा, मोबाइल सापडला की क्षणभर वर काढा. हात कॅमेऱ्याकडे लांब करायला सांगा, वीतभर मासा हातभर दिसतो.

मग शाकाहारी काकांचा प्रश्न येतो. प्रत्येक तुकडीत एक काका असतातच.

“खायचा नाही?”

“नाही, काका.”

“विकायचा नाही?”

“नाही. सोडायचा.”

“मग पकडला कशाला?”

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. नदीकडे बघत राहा. लोकांना ते खोल वाटतं.

परत आलात की रविवारी सकाळी छप्पन दुकानवर साहेब बोलावतील. मित्र जमलेले असतील. साहेब मासा केवढा होता ते दोन्ही हात पसरून दाखवतील, आणि मधली जिलेबीची प्लेट कुणीतरी बाजूला सरकवेल. मग तुमच्याकडे बघतील, “विचारा यांना!” अशा वेळी तोंडात पोह्यांचा मोठा घास असावा. मान हलवायला तेवढा पुरतो.