क्लारा झेटकिन यांनी 8 मार्च ही तारीख ठरवली नव्हती

मार्च उजाडला की एक मजकूर मराठीत हमखास फिरू लागतो. 8 मार्च 1908 रोजी न्यूयॉर्कमध्ये कापड उद्योगातल्या हजारो कामगार स्त्रियांनी संप करून मोठी निदर्शने केली, क्लारा झेटकिन या जर्मन कार्यकर्तीला त्यातून प्रेरणा मिळाली आणि 1910 साली कोपनहेगनच्या परिषदेत त्यांनी 8 मार्च हा दिवस जागतिक महिला दिन म्हणून मंजूर करून घेतला, असे त्यात म्हटलेले असते. काही ठिकाणी 1908 ऐवजी 1857 हे साल असते, तर काही ठिकाणी गिरणीला लागलेल्या आगीची जोड दिलेली असते. शाळांच्या फलकांवर, स्मरणिकांत आणि भाषणांत हा मजकूर इतक्यांदा आला आहे की तो तपासावा असे कोणाला वाटत नाही. त्यातला जवळपास प्रत्येक तपशील चुकीचा आहे, आणि या चुकांमुळे झेटकिन यांचे खरे काम झाकले जाते.

आधी न्यूयॉर्कचे पाहू. 8 मार्च 1857 आणि 8 मार्च 1908 हे दोन्ही दिवस रविवार होते. सुटीच्या दिवशी काम बंद पाडून संप केल्याची कथा तिथेच लंगडी पडते. 1857 च्या संपाचा माग लिलियान कांदेल आणि फ्रांस्वाज पिक या दोन फ्रेंच अभ्यासकांनी 1982 साली काढला. त्यांना त्या काळातला कोणताही पुरावा सापडला नाही. सापडला तो 1955 सालचा, फ्रान्सच्या कम्युनिस्ट वृत्तपत्रातला उल्लेख. या दिवसाला सोव्हिएत इतिहासापासून वेगळे, त्याहून जुने मूळ मिळावे म्हणून ही कथा पुढे आली असावी, असे त्यांचे अनुमान आहे. 1857 हे खुद्द झेटकिन यांचे जन्मवर्ष आहे, हा योगायोगही लक्षात घेण्याजोगा आहे.

आगीचा संदर्भ तर कालक्रमातच बसत नाही. न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात 146 कामगारांचा बळी घेणारी आग 25 मार्च 1911 रोजी लागली, म्हणजे युरोपात पहिला महिला दिन पाळला गेल्यानंतर सहा दिवसांनी. अमेरिकेचा खरा वाटा वेगळा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. तिथल्या समाजवादी पक्षाने 28 फेब्रुवारी 1909 रोजी राष्ट्रीय महिला दिन पाळला होता, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये शिवणकाम करणाऱ्या हजारो मुलींचा प्रचंड संप झाला. ही उदाहरणे युरोपातल्या समाजवादी स्त्रियांच्या डोळ्यांसमोर होती.

आता कोपनहेगन. 1910 च्या ऑगस्टअखेरीस तिथे समाजवादी स्त्रियांची दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि सतरा देशांतून सुमारे शंभर प्रतिनिधी आल्या. झेटकिन, केटे डुंकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी तिथे ठराव मांडला की सर्व देशांतल्या समाजवादी स्त्रियांनी आपापल्या देशातल्या कामगार पक्षांच्या आणि संघटनांच्या संमतीने दरवर्षी एक महिला दिन पाळावा, आणि त्याचा पहिला उद्देश स्त्रियांच्या मतदानाच्या हक्काचा प्रचार हा असावा. तारीख त्या ठरावात नव्हती. न्यूयॉर्कच्या कोणत्याही घटनेच्या स्मृतीचा उल्लेखही त्यात नव्हता. पहिला दिवस 19 मार्च 1911 रोजी जर्मनी, ऑस्ट्रिया, डेन्मार्क आणि स्वित्झर्लंडमध्ये पाळला गेला. 1848 ची बर्लिनची क्रांती आणि 1871 चे पॅरिस कम्यून, म्हणजे तिथल्या कामगारांचे बंडखोर सरकार, या दोन्हींच्या आठवणी 18 मार्चशी जोडलेल्या असल्याने त्याला लागून असलेला हा दिवस निवडला गेला. जर्मनीत 8 मार्च आला तो 1914 साली. त्या वर्षीच्या भित्तिपत्रकावर काळ्या वस्त्रातली एक स्त्री लाल झेंडा फडकावताना दिसते, वर मतदानाच्या हक्काची मागणी आहे आणि तारीख छापलेली आहे. बर्लिनमध्ये पोलिसांनी ते लावायला मनाई केली.

ही तारीख जगभर कायम होण्याचे श्रेय मात्र पेट्रोग्राडच्या, म्हणजे रशियाच्या तेव्हाच्या राजधानीतल्या, गिरणी कामगार स्त्रियांना आहे. रशियात तेव्हा जुनी दिनदर्शिका चालू होती, तिच्यानुसार 23 फेब्रुवारी 1917 म्हणजे आपल्या हिशेबाने 8 मार्च. त्या दिवशी व्हायबोर्ग भागातल्या स्त्रिया पाव मिळत नाही म्हणून काम टाकून बाहेर पडल्या आणि शेजारच्या कारखान्यांतल्या पुरुष कामगारांनाही त्यांनी बाहेर काढले. आठवडाभरात झारला सिंहासन सोडावे लागले. 1921 साली मॉस्कोत भरलेल्या कम्युनिस्ट स्त्रियांच्या परिषदेने या घटनेच्या स्मरणार्थ 8 मार्च ही एकच तारीख ठरवली.

मग झेटकिन यांचे श्रेय कशात आहे? माझ्या मते ते ठरावापेक्षा त्यामागच्या वीस वर्षांच्या कामात आहे, आणि फिरणाऱ्या मजकुरात नेमके तेच नसते. जर्मनीतल्या प्रशिया या सर्वांत मोठ्या राज्याच्या 1850 च्या कायद्यानुसार स्त्रिया, विद्यार्थी आणि शिकाऊ कामगार यांना राजकीय संघटनेचे सभासद होता येत नसे, आणि ही बंदी 1908 पर्यंत टिकली. संघटना काढली की पोलीस ती मोडून काढत. म्हणून समाजवादी स्त्रियांनी गावोगावी एकेक विश्वासू कार्यकर्ती नेमली. एकटी व्यक्ती ही काही संघटना ठरत नाही, त्यामुळे कायद्याचा बडगा तिच्यावर सहज चालत नसे. या विखुरलेल्या स्त्रियांना बांधून ठेवत होते झेटकिन यांचे पाक्षिक, ‘डी ग्लाइखहाइट’ म्हणजे समता. पती म्हणून ज्यांच्याबरोबर त्या राहिल्या ते ओसिप झेटकिन 1889 साली पॅरिसमध्ये वारले. दोन लहान मुलांना घेऊन त्या जर्मनीत परतल्या आणि 1892 पासून 1917 पर्यंत त्यांनी श्टुटगार्टमधून हे पत्र चालवले. ते बोजड आहे, सामान्य कामगार स्त्रीला झेपत नाही, अशी तक्रार त्यांच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षातूनच होत असे. 1905 पासून त्यांनी गृहिणी आणि मुलांसाठी पुरवण्या जोडल्या, पण मुख्य अंकाचा वैचारिक कस उतरू दिला नाही. 1914 पर्यंत वर्गणीदार सव्वा लाखाच्या घरात गेले. पहिल्या महायुद्धाला त्यांनी विरोध केला, 1915 साली बर्नमध्ये युद्धविरोधी स्त्रियांची परिषद घेतली, त्यासाठी तुरुंगात गेल्या, आणि अखेर पक्षनेतृत्वाने संपादकपद काढून घेतले.

याच मजकुरात त्यांना सर्व पक्षांपलीकडच्या स्त्रीहक्क कार्यकर्त्या म्हणून रंगवले जाते, तेही खरे नाही. मालमत्तेच्या अटीवर थोड्या स्त्रियांना मत देण्याच्या मागणीला त्यांचा कडवा विरोध होता, कारण त्यातून कामगार स्त्री बाहेरच राहत होती. उच्चवर्गीय महिला संघटनांशी त्या आयुष्यभर अंतर राखून होत्या. 1919 साली त्या जर्मन कम्युनिस्ट पक्षात गेल्या आणि 1920 पासून 1933 पर्यंत रायश्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, सदस्य होत्या. 30 ऑगस्ट 1932 रोजी सर्वांत ज्येष्ठ सदस्य या नात्याने सभागृहाचे उद्घाटन त्यांच्याकडे आले. वय 75, दृष्टी जवळपास गेलेली, आणि समोर 230 नाझी सदस्य. त्यांनी फॅसिझमविरुद्ध सर्व कष्टकऱ्यांच्या एकजुटीचे आवाहन केले. त्याच दिवशी सभागृहाने नाझी नेते हेरमान ग्योरिंग यांना अध्यक्ष निवडले.

हे धैर्य निर्विवाद आहे. पण 1922 साली मॉस्कोत कम्युनिस्ट सत्तेच्या विरोधातल्या समाजवादी क्रांतिकारी पक्षाच्या नेत्यांवर जो खटला चालला, त्यात झेटकिन सरकारी आरोपकर्त्यांच्या बाजूने उभ्या होत्या, हेही त्यांच्या चरित्रात येते. त्यांना पक्षनिष्ठा वजा करून केवळ मायाळू प्रेरणामूर्ती बनवणाऱ्यांना यातले काहीच सांगता येत नाही, ना त्या खटल्यातली भूमिका, ना रायश्टागमधले भाषण, कारण दोन्ही एकाच कम्युनिस्ट स्त्रीची आहेत.