‘होस्टाइल’ साक्षीदाराची साक्ष रद्द होते का?

साक्षीदाराला न्यायालयाने ‘होस्टाइल’, म्हणजे बोलावणाऱ्या पक्षावरच उलटलेला, ठरवले की त्याची सगळी साक्ष बाद होते आणि खटला तिथेच संपतो, असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

मुळात हा शब्द इंग्लंडच्या न्यायव्यवहारातून आला. तिथे आपल्याला प्रतिकूल ठरलेला साधा साक्षीदार ‘अनफेव्हरेबल’ आणि बोलावणाऱ्या पक्षाशी मनात वैर धरून सत्य लपवणारा तो ‘होस्टाइल’, असा भेद केला जातो. आपल्या 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 154 मध्ये यांपैकी एकही शब्द नव्हता. आपल्याच साक्षीदाराला, एरवी विरुद्ध पक्षाला उलटतपासणीत विचारता येतील असे प्रश्न विचारण्याची परवानगी न्यायालय देऊ शकते, एवढेच त्यात म्हटले होते. मराठी बातम्यांतला ‘फितूर’ हा शब्द तर त्याहूनही जहाल, कारण त्यात लाच खाल्ल्याचा वास येतो, आणि तसे दर वेळी असतेच असे नाही.

समजा, पंच म्हणाला, “पंचनाम्यावरची सही माझीच, पण मजकूर मला वाचून दाखवला नाही.” सरकारी वकील परवानगी घेऊन त्याची उलटतपासणी करतील, परंतु तो जागेवर हजर होता आणि सही त्याची आहे, हा भाग इतर पुराव्याशी जुळल्यास न्यायालय ग्राह्य धरू शकते. सर्वोच्च न्यायालयाने सतपाल विरुद्ध दिल्ली प्रशासन या प्रकरणात हेच स्पष्ट केले आहे. जुन्या पुरावा कायद्याच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 157 मध्येही कलम 154 ची हीच तरतूद कायम आहे.